निळ्या गाडीचं वजन

३ मार्च

मुंगी,

पत्र लिहिण्याचं कारण तुला ठाऊक आहे, तेव्हा ते पुन्हा लिहीत बसत नाही. फोन तू उचलत नाहीस. मावशीला केला तर ती तुझ्या वतीने मोठ्या गंभीर आवाजात सांगते, "ताई, ती बोलणार नाही म्हणतेय. तू लिहून पाठव. मी तिच्या टेबलावर ठेवीन, वाचायचं की नाही ते तिचं ती बघेल." माझीच धाकटी बहीण. लहानपणी माझ्या दप्तराला हात लावायला घाबरायची, आणि आता तुझी वकील झाली आहे.

बाबा बरे आहेत. औषधाचं दुकान उघडतात, बंद करतात आणि घरी येऊन माझ्याशी पाटीवर लिहिल्यासारखं बोलतात. "मीठ कमी आहे." "नळ गळतोय." संपलं. तुझा करडा स्वेटर इथेच राहिला आहे.

आता मुद्द्यावर येते. प्रात्यक्षिक परीक्षेत मी तुला नापास केलं म्हणून तू घर सोडून मावशीकडे जाऊन बसली आहेस. राग समजू शकते. पण माझीही बाजू बघ. तू आमच्या शाळेत आलीस तेव्हाच आपलं ठरलं होतं, फाटकाच्या आत मी मॅडम. तू ते इतकं पाळलंस की एकदा ताप आला तेव्हाही तू "मॅडम, घरी जाऊ का" असंच विचारलंस. शिक्षकांच्या खोलीत मात्र कोणाला त्याचं काही नाही. तू चाचणीत पहिली आलीस तेव्हा गणिताच्या बाई माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. काही बोलल्या असत्या तर मी दोन शब्द सुनावले असते. हसण्याला काय उत्तर देणार? त्या हसण्याचा मी धसका घेतला आहे, हे तुला सांगायला हरकत नाही.

प्रयोग सोपा होता. वर्गात सांगते तसाच सांगते, म्हणजे मलाच जरा धीर येतो. लांब पट्टी, तिच्या बारीक भोकांमधून हवा येते, त्या हवेवर दोन गाड्या तरंगत सरकतात. दोन्ही दोनशे ग्रॅमच्या. निळी थांबलेली, लाल येऊन तिच्यावर आदळते. मध्ये स्प्रिंगचा बंपर, म्हणजे टक्कर स्थितिस्थापक. सारख्या वजनाच्या गाड्या असल्या की लाल गाडी जागच्या जागी थांबते आणि निळी तिचा सगळा वेग घेऊन निघते. वजन गुणिले वेग म्हणजे संवेग. टक्करीआधी दोघींचा मिळून जितका, तितकाच टक्करीनंतर. तो कुठे नाहीसा होत नाही.

सगळ्या वर्गाचं जुळलं. तू लिहिलंस की लाल गाडी थांबत नाही, किंचित मागे येते, आणि नंतरचा संवेग जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी भरतो. निष्कर्ष चुकला की गुण नाहीत, हे इतर मुलांना लागू तसं तुलाही लागू. बाहेरून आलेले परीक्षक आणि मी, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. उपकरणात दोष असण्याचा प्रश्नच नाही, कारण निळ्या गाडीचा बंपर आदल्या दिवशी मी स्वतःच्या हाताने बसवला होता.

तुला हव्या त्या कॉलेजचा यंदाचा प्रवेश जाईल, हे खरं. त्याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. जुलैत पुन्हा परीक्षा असते. स्वेटर पाठवू का ते मावशीजवळ सांग.

आई


९ मार्च

मुंगी,

स्वेटर मिळाला असेल. बाबांनी परस्पर पाठवला, मला विचारलंसुद्धा नाही. खुंटी रिकामी दिसली तेव्हा कळलं.

आज शाळेला सुट्टी होती. दुपारी प्रयोगशाळेत गेले. कशाला गेले ते विचारू नकोस, बाबांना सांगितलं की कपाटं आवरायची आहेत. पट्टीची हवा सुरू केली, निळी गाडी मध्ये ठेवली आणि लाल सोडली. निळी पुढे गेली. लाल क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग मागे यायला लागली. अगदी हळू, पण मागे. मी पट्टीची पातळी तपासली, पट्टी सरळ होती. पुन्हा सोडली. पुन्हा तेच.

मग तू त्या दिवशी जे करायला मागत होतीस ते केलं. निळी गाडी काट्यावर ठेवली. दोनशे चाळीस.

स्टुलावर बसले. तुझी वाचनं मला पाठ आहेत, कारण गेले कित्येक दिवस ती डोळ्यांसमोरून जात नाहीत. फळ्यावर लिहिली आणि निळ्या गाडीपुढे दोनशेच्या जागी दोनशे चाळीस घातले. आधीचा संवेग आणि नंतरचा संवेग, दोन्ही सारखे आले. तुझा हरवलेला पाचवा हिस्सा कुठेही गेला नव्हता. तो मी बसवलेल्या बंपरने नेला होता आणि कोणी तो मोजलाच नव्हता.

झालं ते असं. निळ्या गाडीची स्प्रिंग ढिली पडली होती. नवीन बंपर मागवला होता तो वेळेवर आला नाही. म्हणून मी जुन्या कपाटाच्या बिजागरीची पट्टी कापून घेतली, तिच्यावर दुसरी स्प्रिंग बसवली, चार स्क्रू मारले आणि स्वतःवर खूष झाले. पट्टी जाड होती. नंतर गाडीचं वजन करायला हवं होतं. उपकरण हातात घेतलं की आधी वजन, हे मी पहिल्या तासाला ओरडून सांगते. गाडीवर "२०० ग्रॅम" असं छापलेलं होतं, ते मी वाचलं आणि पुढे गेले.

तू विचारलं होतंस, "मॅडम, निळी गाडी काट्यावर ठेवून बघू का?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडीवर काय लिहिलंय ते वाचता येतं ना?" मुलं हसली. तू मान खाली घालून टेबलाशी गेलीस आणि तरीही जे दिसलं तेच लिहिलंस. मी फळा पुसला आणि मग मला रडू आलं. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं, म्हणून आवाज दाबला नाही.

चूक माझी होती. नकळत झाली, मला माहीत असतं तर मी असं केलं नसतं. काय करता येतं ते बघते.

बाकी सगळ्यांचं कसं जुळलं, असं तू विचारशील. त्याबद्दल आज लिहायला बळ नाही.

आई


१४ मार्च

मुंगी,

मुख्याध्यापकांकडे गेले होते. गाडी बरोबर नेली, पिशवीत घालून, शेजारणीला उसनी भांडी परत करायला जावं तशी. त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी गाडी उचलून बघितली, बंपर बोटाने दाबला, सोडला, पुन्हा दाबला. लहान मुलाला खेळणं मिळाल्यासारखं चाललं होतं.

"मॅडम, गुण मंडळाकडे गेलेत," ते म्हणाले. "आता हे उकरून काय मिळणार आहे? तुमची मुलगी हुशार आहे, जुलैत निघून जाईल. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

मी म्हणाले, तिच्यावर अन्याय झालाय.

"झालाय ना, मी कुठे नाही म्हणतोय? पण मंडळ उद्या विचारेल, गाडी जड होती तर बाकीच्या पोरांची वाचनं जुळली कशी? काय सांगणार आहात तुम्ही? आणि मी काय सांगू?"

त्यांनी चहा मागवला. मी तो प्यायले, बिस्किटसुद्धा खाल्लं, आणि "बघू या, सर" असं म्हणून गाडी पिशवीत घालून परत आले. त्या बिस्किटाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते आहे.

बाकीच्यांची वाचनं कशी जुळली ते मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. नापास केल्याचं कळल्यावर तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, "सगळ्या वर्गाने जुळवलंय, आई, आणि तुला ते माहीत आहे." मी तुला काय म्हणाले ते आठवतं? "जुळवायलासुद्धा अक्कल लागते." एका शिक्षिकेच्या तोंडचं वाक्य आहे हे. तू आत जाऊन बॅग भरायला लागलीस. मला वाटलं, नाटक करते आहे. सकाळी तू गेलेली होतीस.

मुलांना ती जुळवाजुळव शिकवली कोणी? मीच. "नाही जुळलं तर पुन्हा घ्या, जुळेपर्यंत घ्या," असं मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. जुळलं नाही तर का नाही ते शोधा, असं कधी म्हणाले नाही, कारण त्यात तास जातो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. पोरं शहाणी असतात. ती आधी उत्तर लिहितात आणि मग त्याला शोभतील अशी वाचनं भरतात. मी सुंदर जुळलेली वह्यांची पानं तपासते आणि बरोबरची खूण करते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला माहीत नव्हतं. ते खरं नाही. परीक्षेच्या दिवशी मुलं यायच्या आधी मी एकदा गाड्या चालवून पाहिल्या होत्या. लाल गाडी मागे आली. मी बघितली. वेळ थोडा होता, परीक्षकांची गाडी फाटकात आली होती, आणि माझ्या मनात आलं की राहू दे, मुलं घेतील जुळवून. अगदी याच शब्दांत मनात आलं. म्हणजे सगळा वर्ग खोटं लिहील यावर माझा पूर्ण भरवसा होता. तू एकटीने मला खोटं पाडलंस.

तुझी उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा तू बरोबर आहेस हे मला कळलं होतं. कळूनही मी तो आकडा लिहिला.

तोंड दाखवायला जागा नाही, असं लोक म्हणतात. मी रोज शाळेत तेच तोंड घेऊन जाते आणि हजेरी घेते.

आई


२२ मार्च

मुंगी,

मंडळाला अर्ज गेला. कसा गेला ते सांगते, कारण त्याचं श्रेय माझं नाही.

बाबा नळ दुरुस्त करत होते. सिंकखाली अर्धे आत, पाय बाहेर. मी पाना द्यायला उभी होते. आतूनच आवाज आला, "मी दुकानात कोणाला चुकीची गोळी दिली, आणि कळल्यावर म्हणालो, असू दे, जुलैपर्यंत थांबा, तर तू मला घरात घेशील?"

मी म्हणाले, गोळीची गोष्ट वेगळी.

"वेगळी आहे खरी," ते म्हणाले. "मी मुद्दाम नसती दिली."

इतक्या दिवसांनी हा माणूस पाटीपेक्षा जास्त बोलला आणि ते असं बोलला. म्हणजे माझी पत्रं मावशी त्यांना फोनवर वाचून दाखवते आहे. रागवायला हवं होतं, पण मला बरंच वाटलं. निदान घरात एकाला सगळं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना न विचारता अर्ज पाठवला. लिहिलं की गाडीची दुरुस्ती मी केली, वजन मी केलं नाही, एका विद्यार्थिनीने परवानगी मागितली ती मी नाकारली, तिचं उत्तर बरोबर आहे. बाकीच्या मुलांबद्दल एवढंच लिहिलं की उपकरण सदोष असल्यामुळे त्यांचेही गुण ग्राह्य धरू नयेत, मुलांचा दोष नाही. पाकीट पेटीत टाकलं.

आता शिक्षकांच्या खोलीत मी गेले की बोलणं थांबतं. काल दाराशी चपला काढताना गणिताच्या बाईंचा आवाज ऐकला. "आई आहे हो शेवटी. लेकीसाठी अख्खा वर्ग वेठीला धरला." जन्मभर जे ऐकायला लागू नये म्हणून मी तुझ्याशी परक्यासारखी वागले, ते शेवटी ऐकलंच. आणि गंमत बघ, तुझ्यावर अन्याय केला तेव्हा सगळे म्हणत होते, काय निःपक्षपाती बाई आहे. मी तेव्हा मान ताठ करून फिरत होते.

तुला माझी एक सवय आवडत नाही, शिकवण्यातली उदाहरणं घरात आणायची. तरी लिहिते. लोकांच्या बोलण्याचा धक्का मला बसणार होता. तो मी जसाच्या तसा तुझ्याकडे दिला आणि स्वतः जागच्या जागी उभी राहिले. घर सोडून गेलीस ती तू. माझा तास, माझी खुर्ची, माझं नाव, काही हललं नाही. आता हलतंय तर मला तक्रार करायचा अधिकार नाही.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "मला विचारायचं तरी." मी म्हणाले, विचारलं होतं, सर. ते खिडकीबाहेर बघत बसले.

तू वाचतेस की नाही ते मावशी सांगत नाही. "टेबलावरून पत्र नाहीसं होतं एवढं मला माहीत आहे," म्हणाली.

आई


२ एप्रिल

मुंगी,

मंडळाचं उत्तर तुला शाळेकडून कळलंच असेल. सगळ्या वर्गाची परीक्षा पुन्हा होणार, दहा तारखेला, दुसऱ्या शाळेच्या उपकरणांवर आणि दुसऱ्या परीक्षकांसमोर. मला त्या दिवशी प्रयोगशाळेत पाऊल टाकायला मनाई आहे. वरच्या वर्गांचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. पुढच्या वर्षापासून मी पाचवीला लोहचुंबक शिकवणार आहे.

काल पालकांची सभा झाली. मोठ्या वर्गात, मुलांच्या बाकांवर मोठी माणसं दाटीवाटीने बसलेली, गुडघे वर आलेले. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी गेले.

आधी तुझ्या मैत्रिणीची, त्या बडबडीची आई उठली. "पोरगी रात्रंदिवस रडतेय. तिने काय केलं होतं? चांगले गुण मिळाले होते तिला." मग टॅक्सी चालवणारे एक वडील उठले. शांत माणूस, टोपी हातात घेऊन बोलत होता. "बाई, एक विचारतो, खरं सांगा. तुमच्या मुलीऐवजी आमचं पोर नापास झालं असतं, तर तुम्ही हा अर्ज केला असता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घरून उत्तर पाठ करून गेले होते. त्यात विज्ञान होतं, सत्य होतं, शिक्षकाचं कर्तव्य होतं. ते सगळं तोंडापर्यंत आलं आणि मला स्वतःचीच किळस आली.

मी म्हणाले, "नाही. केला नसता. मुलीसाठीच केलाय." खोलीत कुजबुज सुरू झाली. मी म्हणाले, "पण तुमच्या मुलाने तसं लिहिलं असतं तर मी त्याला नापासच केलं नसतं. दोन गुण कापले असते आणि पुढे गेले असते. ती माझी मुलगी होती म्हणून नापास केलं. तिने खरं लिहिलं होतं आणि मला ते कळत होतं, तरी केलं. लोकांनी मला चांगलं म्हणावं म्हणून."

कुजबुज थांबली. बडबडीच्या आईने विचारलं, "मग आमच्या पोरांचं काय?"

"त्यांचंही नुकसान मीच केलंय," मी म्हणाले. "जुळवून लिहायला मी शिकवलं. त्यांना रागवू नका. दहा तारखेपर्यंत रोज दुपारी मी घरी बसणार आहे, ज्यांना यायचं त्यांनी यावं, मी शिकवीन. आता नीट शिकवीन."

टॅक्सीवाले टोपी घालून निघून गेले. मला वाटलं, कोणी येणार नाही. आज दुपारी सहाजण आले. तुझ्या खोलीत बसवलं, बैठकीत जागा पुरेना. तुझ्या पलंगावर कोणाला बसू दिलं नाही. बडबडीही आली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती. जाताना दारात म्हणाली, "मॅडम, तिला सांगाल का? लाल गाडी मागे आलेली मी पण बघितली होती. मी नाही लिहिलं."

तिला म्हणाले, तूच सांग, माझं ती ऐकत नाही.

आई


७ एप्रिल

मुंगी,

काल संध्याकाळी मावशीचा फोन आला. तू नऊ तारखेला येते म्हणालीस, आणि घरीच उतरणार आहेस. मावशीने तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. "सभेत आई काय बोलली ते मला बडबडीने सांगितलं. आईला म्हणावं, पुरे आता पत्रं, आल्यावर बोलू."

मी फोन ठेवला आणि तुझ्या खोलीत गेले. चादर बदलली. मुलांनी सांडलेला खडू झाडून काढला. बाबांना सांगितलं तर ते दुकानातून लवकर आले आणि विनाकारण खिडक्या पुसत बसले. सगळं घर हलकं झालं होतं. मीही हसत होते. पलंगाची दुसरी उशी शोधता शोधता माझे हात थांबले, आणि मग मी कामाला हात लावू शकले नाही.

तू मला माफ करायला येते आहेस. जे माहीत आहे त्यासाठी माफ करशील. एक गोष्ट तुला माहीत नाही. ती मी अर्जात लिहिली नाही, सभेत बोलले नाही, आणि इतकी पत्रं लिहून त्यातही टाळली. सभेत लोक गप्प झाले तेव्हा मला वाटलं होतं की आता सगळं सांगून झालं. तेव्हाही हे मला आठवत होतं.

तू काट्याबद्दल विचारलंस, मी ओरडले, मुलं हसली, तू टेबलाशी गेलीस. त्यानंतर परीक्षक माझ्याजवळ आले. वयस्कर माणूस, जाड चष्मा, हळू बोलणारे. म्हणाले, "मॅडम, मुलगी बरोबर म्हणतेय. गाडी मागे येताना मीही पाहिली. करू दे की वजन, काय बिघडतंय?"

त्या वेळी नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी सगळं निभावलं असतं. तू गाडी काट्यावर ठेवली असतीस, दोनशे चाळीस वाचले असतेस, आणि वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त गुण घेतले असतेस. पण मग माझी दुरुस्ती उघडी पडली असती, आणि वर गणिताच्या बाई हसल्या असत्या की लेकीला परीक्षेत खास सवलत मिळाली. दोन्ही एकदम माझ्या डोक्यात आलं.

मी हसले. हसून म्हणाले, "नको सर. माझीच मुलगी आहे ती, म्हणून सांगते. अभ्यास झाला नाही की उपकरणाला नावं ठेवायची तिची जुनी खोड आहे. मागेही असंच केलं होतं."

तुझा अभ्यास झाला होता. मागे तू असं कधीच केलं नव्हतंस. मी तिथल्या तिथे उभ्या उभ्या रचून सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाजसुद्धा कापला नाही. ते "अरेरे" म्हणाले. गुण भरायच्या वेळी त्यांनी पेन माझ्यापुढे केलं, मी आकडा लिहिला, त्यांनी खाली सही केली. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, असं मी तुला लिहिलं होतं, ते एवढंच होतं.

आज सकाळी हे बाबांना सांगितलं. त्यांनी दुकानाची किल्ली खिशात घातली, पुन्हा काढली, आणि म्हणाले, "तिला यायच्या आधी सांग." म्हणून लिहिते आहे. मंडळालाही आज दुसरा अर्ज जातो आहे, त्यात परीक्षकांचा दोष नाही हे स्पष्ट लिहिलं आहे. मावशीला सांगितलं आहे की हे पत्र टेबलावर ठेवायचं नाही, हातात द्यायचं.

घरी उतरायचं की नाही ते आता ठरव. नाही उतरलीस तर मावशीची मैत्रीण शाळेजवळ राहते, तिच्याकडे सोय होईल, मी विचारून ठेवलं आहे. परीक्षेला मात्र ये. उपकरणं चांगली आहेत, आणि तरीही काही जुळलं नाही तर दिसेल तेच लिही.

ते परीक्षक सर मंडळात चौकशी करत होते म्हणे, की ती हुशार मुलगी आता काय करते. त्या दिवशी मी म्हणाले ते त्यांनी खरं मानलं होतं. आई आपल्या मुलीबद्दल खोटं का बोलेल, असंच त्यांना वाटलं असणार.

आई